वंश आणि संमती : अमेरिकन ज्यू अस्मितेची स्थित्यंतरे

१

अमेरिकेतील ज्यू समाजाविषयीचे लेखन बहुधा दोन सुरांत होत आले आहे. पहिला सूर यशोगाथेचा. पूर्व युरोपातून नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या निर्वासितांच्या मुलानातवंडांनी विद्यापीठे, न्यायालये, रंगभूमी, चित्रपट आणि साहित्य या क्षेत्रांत मिळवलेले स्थान हा त्याचा विषय असतो. दुसरा सूर शोकाचा. या यशाची किंमत म्हणून भाषा गेली, विधी गेले, वस्ती पांगली आणि आता उरले आहे ते केवळ आडनाव, असे हा सूर सांगतो. १९६४ साली ‘लुक’ या लोकप्रिय अमेरिकन नियतकालिकाने ‘नाहीसा होत चाललेला अमेरिकन ज्यू’ अशा आशयाच्या मथळ्याचा लेख छापला होता. घटता जन्मदर आणि वाढते मिश्रविवाह यांमुळे हा समाज काही पिढ्यांत विरून जाईल, असा त्याचा रोख होता. ‘लुक’ १९७१ साली बंद पडले. प्यू संशोधन केंद्राच्या २०२०च्या पाहणीनुसार मुलाबाळांसह अमेरिकेतील ज्यूंची संख्या सुमारे ७५ लाख भरते.

तथापि या आकड्यामुळे शोकाचा सूर खोटा ठरतो असे मानणे घाईचे होईल. त्याच पाहणीत सत्तावीस टक्के प्रौढ ज्यूंनी आपला धर्म कोणता या प्रश्नाला ‘कोणताही नाही’ असे उत्तर दिले आहे. तरीही वंशाने, संस्कृतीने किंवा कुटुंबाने आपण ज्यू आहोत असे ते म्हणतात. त्यांना मोजायचे की वगळायचे, यावर एकूण संख्या अवलंबून राहते. म्हणजे ज्यू किती आहेत हा प्रश्न ज्यू कोणाला म्हणायचे या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. यश आणि ऱ्हास या दोन्ही कल्पना ज्यूपण नावाची एक स्थिर वस्तू गृहीत धरतात. अमेरिकेत नेमके तेच स्थिर राहिलेले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा बदल जनगणनेच्या तक्त्यांपेक्षा साहित्यात अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून येथे इतिहासाबरोबर काही कथा-कादंबऱ्यांचाही पुरावा म्हणून विचार केला आहे.

वर्नर सोलर्स या समीक्षकाने १९८६ साली अमेरिकन वांशिकतेविषयीच्या आपल्या ग्रंथात ‘वंश’ आणि ‘संमती’ अशी दोन तत्त्वे कल्पिली. जन्माने आपल्याला चिकटलेले नाते हे वंशाचे. विवाह, नागरिकत्व, मैत्री, श्रद्धा यांच्या रूपाने आपण स्वीकारलेले नाते हे संमतीचे. अमेरिकन संस्कृतीतील नाट्य या दोहोंच्या ताणातून उभे राहते, असे त्यांचे म्हणणे. ज्यू समाजाच्या बाबतीत हा ताण विशेष तीव्र आहे. कारण या समाजाची धर्मकल्पनाच वंश आणि करार या दोन पायांवर उभी आहे. आईकडून जन्माने ज्यूपण येते. परंतु सिनाय पर्वताशी झालेला करार हा स्वीकाराचा, म्हणजे संमतीचाच प्रसंग मानला जातो.

२

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत ज्यूपण ही व्यक्तीच्या इच्छेची बाब नव्हती. राज्यसत्ता ज्यू समाजाला एक स्वतंत्र संस्था म्हणून ओळखे. कर गोळा करणे, तंटे सोडवणे, प्रसंगी बहिष्कार घालणे हे अधिकार त्या संस्थेकडे असत. फ्रेंच राज्यक्रांतीने ज्यूंना नागरिकत्व दिले, पण त्यासाठी सौदा घातला. ज्यूंना व्यक्ती म्हणून सर्व काही द्यावे, राष्ट्र म्हणून काहीही देऊ नये, असा क्लेर्माँ-तोनेरचा १७८९मधील युक्तिवाद प्रसिद्ध आहे.

अमेरिकेत असा सौदा करण्याची वेळ फारशी आली नाही. १६५४ साली ब्राझीलमधील रेसिफे येथून निघालेले तेवीस ज्यू न्यू ॲमस्टरडॅमला उतरले तेव्हा गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट त्यांना घालवून देण्याच्या विचारात होता. डच वेस्ट इंडिया कंपनीने त्याला रोखले. मात्र या लोकांनी आपल्या गोरगरिबांचा भार इतरांवर टाकू नये अशी अट घातली. पुढे १७८७च्या संविधानाने सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी नाकारली आणि १७९१च्या पहिल्या दुरुस्तीने राज्यसंस्थेला धर्मस्थापनेपासून दूर ठेवले. सर्वच घटकराज्यांनी हे तत्त्व तत्काळ मान्य केले असे नाही. मेरीलँडमध्ये ज्यूंना सार्वजनिक पद मिळण्याचा मार्ग १८२६ साली खुला झाला. परंतु १७९० साली न्यूपोर्टच्या ज्यू मंडळाला लिहिलेल्या पत्रात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जी भूमिका मांडली, तिच्यात पुढील इतिहासाचे बीज आहे. एका वर्गाने दुसऱ्या वर्गावर मेहेरबानी करावी तशी सहिष्णुतेची भाषा या देशात आता उरलेली नाही, असे त्यांनी त्यात म्हटले होते.

या स्वातंत्र्याचा परिणाम दुहेरी झाला. ज्यूंना नागरिक म्हणून मान मिळाला. त्याच वेळी समाज म्हणून असलेले सक्तीचे अधिकार गेले. सिनॅगॉग ही वर्गणी भरणाऱ्या सभासदांची संस्था झाली आणि रब्बी तिचा पगारी सेवक. १८८८ साली न्यूयॉर्कच्या काही सनातनी मंडळांनी व्हिल्नाहून जेकब जोसेफ या विद्वान रब्बीला ‘मुख्य रब्बी’ म्हणून आणले. त्यांच्या कार्यालयाचा खर्च भागवण्यासाठी धर्मसंमत मांसावर छोटी पट्टी बसवण्यात आली, तेव्हा लोकांना रशियातील मांसावरच्या कराची आठवण झाली आणि असंतोष उसळला. इतर रब्बींनी त्यांचा अधिकार मानला नाही. १९०२ साली ते विपन्नावस्थेत निवर्तले आणि ते पदही त्यांच्याबरोबर संपले. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूडा मॅग्नेस यांच्या नेतृत्वाखाली न्यूयॉर्कमध्ये सर्व ज्यूंची एकछत्री संघटना उभारण्याचा प्रयत्न झाला. तोही १९२२पर्यंत विराम पावला. अमेरिकेत ज्यू समाजाला केंद्र निर्माण करता आले नाही, याचे कारण नेत्यांची अकुशलता हे नव्हे. जेथे बाहेर पडण्यास मोकळीक आहे तेथे आत ठेवण्याचा अधिकार टिकत नाही, हे त्यामागील तत्त्व आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशांतून आलेल्या ज्यूंनी या परिस्थितीला सुधारणावादी पंथाच्या रूपाने उत्तर दिले. आयझॅक मेयर वाइज यांनी १८७५ साली सिनसिनाटी येथे हिब्रू युनियन कॉलेज स्थापन केले. १८८३ साली तेथील पहिल्या पदवीधर रब्बींच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत कालवे, कोळंबी आणि बेडकाचे पाय असे निषिद्ध पदार्थ वाढले गेले आणि परंपरानिष्ठ पाहुणे दुखावले. १८८५च्या पिट्सबर्ग येथील जाहीरनाम्याने आपण यापुढे राष्ट्र नसून धर्मसमुदाय आहोत आणि पॅलेस्टाइनला परतण्याची आपली अपेक्षा नाही, असे घोषित केले. म्हणजे अमेरिकेला समजेल अशा भाषेत, प्रॉटेस्टंट संप्रदायाच्या नमुन्यावर, ज्यूपणाचे पुनर्लेखन झाले. या पुनर्लेखनाची शाई वाळते न वाळते तोच पूर्वेकडून दुसरेच ज्यू येऊ लागले होते.

३

१८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली. या हिंसेने आणि तिच्याहूनही अधिक दारिद्र्याने पुढील चार दशकांत वीस लाखांहून अधिक ज्यूंना अमेरिकेकडे लोटले. १८८० साली अमेरिकेत जेमतेम अडीच लाख ज्यू होते, हे ध्यानात घेतले तर या स्थलांतराचा आघात समजतो. आलेल्यांची भाषा यिद्दिश. व्यवसाय बहुधा शिवणकाम. राहणे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या कोंदट चाळवजा इमारतींत. २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ कामगार मेले. त्यांत ज्यू आणि इटालियन मुलींचाच भरणा मोठा होता.

या जगाने ज्यूपणाचा एक नवा अर्थ घडवला. येथे धर्मावाचूनचे ज्यूपण प्रथमच मोठ्या प्रमाणावर शक्य झाले. कामगार संघटना, यिद्दिश रंगभूमी, वृत्तपत्रे, व्याख्यानमाला आणि कॅफेंतील वादविवाद यांत माणूस सिनॅगॉगची पायरी न चढताही पूर्णपणे ज्यू राहू शके. १८९७ साली सुरू झालेले ‘फोरव्हर्ट्स’ हे समाजवादी दैनिक या जगाचे मुखपत्र होते. त्याचे संपादक एब्रहम कहान यांनी १९०६पासून वाचकांच्या पत्रांचे ‘बिंतल ब्रीफ’ हे सदर चालवले. मालकिणीने पगार अडवला, नवरा सोडून गेला, मुलगा ख्रिस्ती मुलीशी लग्न करू म्हणतो, निरीश्वरवाद्याने वडिलांच्या स्मरणार्थ प्रार्थना म्हणावी काय, असे प्रश्न लोक या सदराला विचारत. पूर्वी जे प्रश्न रब्बीकडे गेले असते ते आता संपादकाकडे येऊ लागले होते. अधिकाराचे हे स्थानांतर लक्षणीय आहे.

याच कहान यांनी १९१७ साली ‘द राइज ऑफ डेव्हिड लेव्हिन्स्की’ ही कादंबरी इंग्रजीत लिहिली. तालमूदचा गरीब विद्यार्थी असलेला नायक अमेरिकेत तयार कपड्यांचा धनाढ्य कारखानदार होतो. परंतु आपला भूतकाळ आणि वर्तमान यांचा मेळ बसत नाही ही रुखरुख त्याला अखेरपर्यंत सोडत नाही. मेरी अँटिन यांचे ‘द प्रॉमिस्ड लँड’ हे १९१२चे आत्मचरित्र याच्या नेमके विरुद्ध टोकाचे आहे. आपला येथे नवा जन्म झाला आणि जुनी व्यक्ती आपल्याला परक्यासारखी वाटते, असे त्या मोठ्या उत्साहाने सांगतात. एका पुस्तकात संमतीने वंशावर मात केली आहे आणि दुसऱ्यात वंश रिकाम्या जागेच्या रूपाने शिल्लक राहिला आहे. इझ्राएल झँगविल यांच्या १९०८च्या नाटकाने ‘वितळभांडे’ ही प्रतिमा लोकप्रिय केली. तिला होरेस कॅलन यांनी १९१५ साली ‘द नेशन’मधील लेखात उत्तर दिले. माणूस कपडे, राजकारण, बायको आणि धर्म बदलू शकेल, पण आजोबा बदलू शकत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. सांस्कृतिक बहुविधतेची अमेरिकन संकल्पना या वादातून वाढली.

भाषेच्या दृष्टीने या काळातील सर्वांत मोलाची कृती म्हणजे हेन्री रॉथ यांची १९३४ सालची ‘कॉल इट स्लीप’. या कादंबरीत पात्रे घरात यिद्दिश बोलतात तेव्हा लेखक त्यांच्या तोंडी समृद्ध, काव्यमय इंग्रजी घालतो. तीच पात्रे रस्त्यावर इंग्रजी बोलतात तेव्हा ते इंग्रजी मोडकेतोडके, कर्णकटू होते. घरचे वैभव आणि बाहेरचे दारिद्र्य यांचा हा भाषिक उलटापालट कोणत्याही समाजशास्त्रीय निष्कर्षापेक्षा अधिक सांगून जातो. पुस्तक लवकरच विस्मरणात गेले. १९६४ साली स्वस्त आवृत्तीच्या रूपाने त्याचा पुनर्जन्म झाला, तोवर त्यातील यिद्दिश ऐकलेली पिढी म्हातारी झाली होती.

१९२४च्या जॉन्सन-रीड कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपातून होणारे स्थलांतर जवळजवळ थांबवले. त्याआधी १९१५ साली जॉर्जियात लिओ फ्रँक यांना जमावाने फासावर लटकवले होते. १९२२ साली हार्वर्डच्या अध्यक्षांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला होता. १९३९ साली ९००हून अधिक निर्वासितांना घेऊन आलेले ‘सेंट लुई’ जहाज किनारा दिसत असताना परत फिरले. ज्या देशात सहिष्णुतेची भाषाही अनावश्यक ठरली होती, त्या देशाचे दार ऐन गरजेच्या वेळी बंद होते, ही गोष्ट यशोगाथेच्या सुरात बहुधा गाळली जाते.

४

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. युद्धावरून परतलेल्यांना सरकारी साहाय्याने शिक्षण आणि घर मिळाले. विद्यापीठांतील मर्यादा सैल झाल्या. ज्यू कुटुंबे उपनगरांत गेली आणि तेथे भव्य सिनॅगॉग उभे राहिले. १९५५ साली विल हर्बर्ग यांनी अमेरिकन समाजाची विभागणी प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू अशी केली. लोकसंख्येत तीन टक्क्यांच्या आसपास असलेला समाज मानाच्या दृष्टीने देशाचा एकतृतीयांश होऊन बसला. मात्र ज्या धर्माच्या नावाने हे स्थान मिळाले त्या धर्मावरची श्रद्धा या उपनगरवासीयांत मोठी होती असे नाही. सभासदत्व धर्माचे आणि ओढ सोबतीची, असा हा प्रकार होता.

याच काळात साहित्यसमीक्षेच्या क्षेत्रात ‘पार्टिझन रिव्ह्यू’ आणि १९४५ साली निघालेले ‘कॉमेंटरी’ यांच्याभोवती न्यूयॉर्कचे बुद्धिवादी गोळा झाले. त्यांचा ज्यूपणाशी असलेला संबंध अवघडलेला होता. कोलंबिया विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात कायमचे स्थान मिळालेले पहिले ज्यू अध्यापक लायनेल ट्रिलिंग यांनी १९४४ साली एका परिसंवादात आपण स्वतःला ज्यू लेखक मानत नाही असे स्पष्ट केले होते. सॉल बेलो यांनाही हे लेबल रुचत नसे. परंतु १९५३ साली याच बेलोंनी आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या ‘गिम्पल द फूल’ या यिद्दिश कथेचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्यामुळे सिंगर अमेरिकन वाचकांपर्यंत पोहोचले. बेलोंना १९७६ साली आणि सिंगरना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या भाषेचे बहुसंख्य वाचक युरोपात मारले गेले होते, त्या भाषेत लिहिणारा लेखक भाषांतराच्या बळावर जागतिक झाला. या विजयातील करुण बाजू सिंथिया ओझिक यांच्या १९६९च्या ‘एन्व्ही’ या कथेत आली आहे. भाषांतरकार न मिळाल्याने जिवंतपणीच नाहीसा होत चाललेला यिद्दिश कवी एडेलश्टाइन हा तिचा नायक. त्याचा मत्सर वैयक्तिक आहे. त्याचा आकांत मात्र संपूर्ण भाषेचा आहे.

बर्नार्ड मॅलमड यांनी १९५७च्या ‘द असिस्टंट’मध्ये वेगळा मार्ग धरला. मॉरिस बोबर या गरीब वाण्याच्या दुकानावर दरोडा घालणाऱ्यांपैकी एक इटालियन तरुण पुढे त्याच दुकानात नोकर म्हणून राहतो आणि शेवटी सुंता करून ज्यू होतो. येथे ज्यूपण वंशापासून जवळजवळ पूर्णपणे सुटले आहे. ते दुःख सोसण्याच्या आणि दुसऱ्याचे ओझे उचलण्याच्या नैतिक वृत्तीचे नाव झाले आहे. ही कल्पना उदात्त आहे. परंतु तिच्यात एक धोकाही आहे. दुःख सोसणारा प्रत्येक मनुष्य ज्यू ठरत असेल, तर प्रार्थना, पंचांग, भाषा आणि ग्रंथ यांनी घडलेल्या विशिष्ट जीवनाला काही स्थान राहत नाही.

फिलिप रॉथ यांनी हा उदात्तपणा मोडला. १९५९ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिफेंडर ऑफ द फेथ’ या कथेत शेल्डन ग्रॉसबार्ट हा सैनिक आपल्या ज्यू सार्जंटकडून जातभाईपणाच्या नावाखाली सवलती उकळतो. या कथेने रब्बी आणि सामाजिक संस्था संतापल्या. हिटलरच्या पराभवाला पंधरा वर्षेही झाली नसताना ज्यू माणसाचे असे चित्र अन्यधर्मीय वाचकांपुढे ठेवावे काय, असा त्यांचा सवाल होता. रॉथ यांनी १९६३ साली ‘कॉमेंटरी’त त्याला उत्तर देताना, शेजारी काय म्हणतील या भीतीने लिहिलेले साहित्य त्या भीतीलाच अधिकारी करते, अशी भूमिका घेतली. हा वाद केवळ लेखनस्वातंत्र्याचा नव्हता. आपण येथे पाहुणे आहोत की घरचे, हा त्यातील खरा मुद्दा होता. घरच्या माणसालाच आपल्या घरातील उणीदुणी मोठ्याने बोलण्याची मुभा असते.

५

१९६७च्या जूनमधील अरब-इस्राएल युद्धाने अमेरिकन ज्यूंच्या आत्मभानात मोठा बदल घडवला. युद्धापूर्वीच्या आठवड्यांतील सर्वनाशाची भीती आणि नंतरचा विजय यांमुळे इस्राएल हे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र झाले. त्याच सुमारास नाझी संहाराची स्मृती खाजगी दुःखातून सार्वजनिक संस्थांकडे सरकली. १९७८ची ‘होलोकॉस्ट’ ही दूरदर्शन मालिका आणि १९९३ साली वॉशिंग्टनमध्ये उघडलेले स्मृतिसंग्रहालय हे या प्रवासातील ठळक टप्पे होत. पीटर नोव्हिक या इतिहासकाराने १९९९ साली या प्रक्रियेची परखड चिकित्सा केली. श्रद्धा, आचार आणि भाषा यांवर एकमत होऊ न शकणाऱ्या समाजाला ही स्मृती समान धागा म्हणून हाताशी आली, असे त्यांच्या विवेचनातून दिसते.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन ज्यूपण दोन खांबांवर उभे राहिले : युरोपातील मृत आणि मध्यपूर्वेतील दूरस्थ. दोन्ही खांब अमेरिकेबाहेरचे. त्या दोहोंशी नाते जोडण्यासाठी स्वतःच्या दैनंदिन जीवनात फारसे काही करावे लागत नव्हते. रॉथ यांनी १९७९च्या ‘द घोस्ट रायटर’मध्ये या परिस्थितीवर जे भाष्य केले ते मर्मभेदी आहे. आपल्या कथांमुळे वडिलांचा रोष ओढवून घेतलेला तरुण लेखक नेथन झुकरमन अशी कल्पना करतो की, भेटलेली एक तरुणी म्हणजे जिवंत राहिलेली ॲन फ्रँकच आहे. तिच्याशी लग्न केले तर कोण आपल्याला ज्यूद्रोही म्हणू शकेल? संहाराच्या स्मृतीशी विवाह करून निर्दोषत्व मिळवण्याची ही इच्छा एका पात्राची आहे. परंतु ती त्या पिढीच्या सार्वजनिक संस्कृतीलाही लागू पडते.

१९७६ साली आयर्विंग हाउ यांनी ‘वर्ल्ड ऑफ अवर फादर्स’ या ग्रंथात लोअर ईस्ट साइडच्या जगाचे भव्य स्मारक उभे केले. पुढल्याच वर्षी ज्यू-अमेरिकन कथांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी हे साहित्य आपल्या शिखरावरून खाली उतरले असावे, असे मत मांडले. स्थलांतराचा अनुभव हा या साहित्याचा कच्चा माल. तो संपला की साहित्यही आटेल, हा त्यांचा तर्क. याच्या उलट ओझिक यांनी १९७० साली इस्राएलमधील एका व्याख्यानात असे सुचवले होते की, इंग्रजी हीच ज्यूंची ‘नवी यिद्दिश’ होऊ शकेल. अट एवढीच की तिच्यात लिहिणाऱ्यांनी परंपरेच्या ग्रंथांशी आणि नैतिक विचाराशी नाते राखले पाहिजे. पुढे त्यांनी स्वतःच या आशेपासून माघार घेतली. तरी हाउ आणि ओझिक यांच्यातील मतभेद मूलगामी आहे. हाउ यांच्या लेखी ज्यू साहित्य अनुभवातून येते, ओझिक यांच्या लेखी वाचनातून. अनुभव एका पिढीबरोबर संपतो. वाचन पुढच्या पिढीला शिकवता येते, पण ते शिकवावे लागते.

६

१९९०च्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या पाहणीत अलीकडील विवाहांपैकी बावन्न टक्के मिश्रविवाह असल्याचे जाहीर झाले, तेव्हा समाजात खळबळ उडाली. पुढे मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन हा आकडा खाली आणण्यात आला. परंतु दिशा बदलली नाही. प्यू केंद्राच्या २०२०च्या पाहणीनुसार २०१०नंतर विवाहबद्ध झालेल्या ज्यूंपैकी एकसष्ट टक्के लोकांचा जोडीदार ज्यू नाही. सुधारणावादी रब्बींच्या परिषदेने १९८३ सालीच वडील ज्यू असलेल्या आणि ज्यू म्हणून वाढवलेल्या मुलालाही ज्यू मानण्याचा निर्णय घेतला होता. सनातनी आणि मध्यममार्गी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांनी तो मान्य केला नाही. परिणामी एका सिनॅगॉगमध्ये ज्यू असलेली व्यक्ती दुसऱ्या सिनॅगॉगमध्ये ज्यू ठरत नाही.

ज्यू कोण, हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. मराठी वाचकाला तो आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांमुळे परिचित असायला हवा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला हा समाज हिब्रू ग्रंथांशी फारसा संपर्क नसतानाही शतकानुशतके टिकला, याचे एक कारण असे की जातींनी विभागलेल्या समाजात वेगळे राहण्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागत नव्हते. सीमा भोवतालच्या व्यवस्थेनेच आखून दिली होती. हेच लोक इस्राएलमध्ये गेले तेव्हा १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशशुद्धीच्या शंका उपस्थित केल्या. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ साली संसदेच्या हस्तक्षेपाने तो प्रश्न निवळला. अमेरिकन ज्यूंची स्थिती याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे भोवतालचा समाज सीमा आखत नाही, उलट पुसून टाकण्यास साहाय्य करतो. म्हणून तेथे सीमा राखायची तर ती दर पिढीत नव्याने आखावी लागते.

ती आखण्याचे काम सर्वांत निर्धाराने करणारा वर्ग सनातन्यांचा आहे. अमेरिकेतील प्रौढ ज्यूंमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे नऊ टक्के, पण अठरा ते एकोणतीस या वयोगटात सतरा टक्के आहे. याच वयोगटात सुमारे चाळीस टक्के तरुण स्वतःला धर्मविहीन ज्यू म्हणवतात. मधला प्रदेश ओसरत चालला आहे आणि दोन्ही काठ वाढत आहेत. ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग किंवा न्यूयॉर्क राज्यातील किर्यास जोएल येथील हसिदी वस्त्यांत मुले आजही यिद्दिश बोलतात. ज्या भाषेसाठी ‘फोरव्हर्ट्स’च्या निरीश्वरवादी संपादकांनी आयुष्य वेचले, ती बोलीरूपाने जिवंत आहे ती त्यांच्या कादंबऱ्या हातीही न धरणाऱ्या घरांत. खुद्द ‘फोरव्हर्ट्स’ १९८३ साली साप्ताहिक झाले आणि २०१९ साली त्याची छापील आवृत्ती थांबली. धर्मनिरपेक्ष यिद्दिशचा वारसा आता मुख्यतः विद्यापीठांत आणि १९८०पासून मॅसॅच्युसेट्समधील यिद्दिश ग्रंथ केंद्राने टाकाऊ ठरण्यापासून वाचवलेल्या पुस्तकांत सुरक्षित आहे.

हाउ यांचे भाकीत स्थलांतराच्या बाबतीतही अंशतः चुकले. सोव्हिएत संघातून आलेल्या ज्यूंमधून गॅरी श्टाइनगार्टसारखे लेखक पुढे आले. सोव्हिएत पारपत्रातील राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘ज्यू’ अशी नोंद असे. धर्म मात्र ठाऊक नसे. वंश राज्यसंस्थेने लादलेला आणि संमतीला वाव नाही, अशा व्यवस्थेतून आलेल्या या माणसांना अमेरिकन ज्यूंनी प्रार्थना कशी करावी हे शिकवावे, यातील विनोद त्यांच्या लेखनात पुरेपूर उतरला आहे.

७

भविष्याचा विचार करताना आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. संमतीच्या तत्त्वाला बाहेरून नकार मिळू शकतो. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनॅगॉगमध्ये अकरा उपासकांची हत्या झाली. मारणाऱ्याने कोणाचा पंथ विचारला नव्हता. रॉथ यांनी २००४च्या ‘द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका’त १९४० साली चार्ल्स लिंडबर्ग राष्ट्राध्यक्ष झाल्याची कल्पना केली, तेव्हा काहींना ती अतिरंजित वाटली होती, आता ती तशी वाचली जात नाही. ७ ऑक्टोबर २०२३चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझामधील युद्ध यांनी तर दुसरा खांबही हलवला. अमेरिकन विद्यापीठांत इस्राएलच्या बाजूने आणि विरोधात उभे राहिलेल्या दोन्ही जमावांत ज्यू विद्यार्थी होते आणि दोघेही आपल्या भूमिकेला ज्यू परंपरेचाच आधार देत होते. काहींना भीतीने आपले ज्यूपण नव्याने जाणवले. काहींना इस्राएलपासून वेगळे असे ज्यूपण शोधण्याची निकड वाटली. १९६७नंतर जे नाते एकजुटीचे साधन होते ते आता एकाच कुटुंबातील फुटीचे कारण झाले आहे.

सायमन राविडोविच या विचारवंताने आपल्या समाजाला ‘सदा मरणोन्मुख लोक’ असे म्हटले होते. प्रत्येक पिढीला आपणच साखळीतील शेवटची कडी आहोत असे वाटत आले, आणि ही भीतीच पुढची कडी जोडण्यास कारण झाली, हे त्यांचे निरीक्षण आश्वासक आहे. मात्र ते अमेरिकेला जसेच्या तसे लागू करता येईल का, याचा विचार व्हायला हवा. पूर्वीच्या पिढ्यांना मरणाची भीती होती, पण त्यांना निघून जाण्याची वाट बहुधा नव्हती. अमेरिकन ज्यूला ती वाट रोज मोकळी आहे. त्यामुळे येथे केवळ भीतीवर पुढची पिढी घडत नाही, आणि केवळ अभिमानावरही नाही. ज्याचा स्वीकार करायचा ते काय आहे, हे माहीत असल्यावाचून स्वीकार होऊ शकत नाही. ग्रंथ, पंचांग, भाषा, वाद घालण्याची रीत यांची ओळख मुलांना करून दिली गेली, तर मिश्रविवाहाच्या घरांतूनही ज्यू जीवन पुढे जाऊ शकेल. ती दिली गेली नाही, तर दोन ज्यू आईबापांच्या घरातही ते थांबेल. मायकेल शेबन, डेरा हॉर्न, जोशुआ कोहेन यांच्या कादंबऱ्यांत यिद्दिशचा, हिब्रू ग्रंथांचा आणि ज्यू इतिहासाचा जो अभ्यास दिसतो, तो त्यांना अनुभवातून आपोआप मिळालेला नाही. तो त्यांनी शिकून मिळवला आहे. ओझिक यांनी घातलेली अट, त्यांनी ती आशा सोडून दिल्यानंतर, अशी अंशतः पुरी होताना दिसते. लेखकांना जे साधले ते सामान्य कुटुंबांना साधेल काय, यावर अमेरिकन ज्यू समाजाचे पुढील शतक अवलंबून राहील.